रक्तातली चरबी, भावकी आणि परदेशी मदत

मराठवाड्यात पस्तिशी-चाळिशीतला माणूस हार्ट अटॅकने गेला, की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागायच्या आत निकाल लागलेला असतो. कुणी कोविडच्या लशीवर बोट ठेवतं, कुणी जिमवर, कुणी वरातीतल्या डीजेवर, तर कुणी पाकिटातल्या रिफाइंड तेलावर. करडईचं घाण्याचं तेल सोडलं तिथंच सगळं बिघडलं, असं ठासून सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक पारावर असतोच. दहाव्याला जमलेल्या बायांना मात्र वेगळंच आठवत असतं. याचा बाप असाच गेला, धाकटा चुलता बेचाळिसाव्या वर्षी शेतातच पडला, आत्याला दोनदा स्टेंट टाकलेत. तीन पिढ्यांचा हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. पण डॉक्टरच्या कागदावर तो उतरत नाही आणि पारावरच्या वादात त्यांना कुणी विचारत नाही.

अशा काही घरांतल्या हिशेबाला वैद्यकशास्त्रात नाव आहे: फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घेण्याचं यकृताचं काम या माणसांत जनुकातल्या बदलामुळे जन्मापासूनच अर्धवट चालतं. मग माणूस काटक असो, शाकाहारी असो, पहाटे पाचला उठून शेतावर जाणारा असो, त्याचं एलडीएल १९०च्या वर जाऊन बसतं आणि बालपणापासून रक्तवाहिन्यांत साचत राहतं. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. आई-बापांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणांनुसार जगात साधारण ३११ माणसांमागे एकाला एफएच असतो. २०११च्या जनगणनेत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. म्हणजे साठ हजारांच्या आसपास माणसं. हा नुसता भागाकार आहे, शिरगणती नव्हे. पण भागाकार निम्म्याने चुकला तरी तीस हजार उरतात.

अकाली येणारा प्रत्येक अटॅक एफएचमुळे येतो, असं मी म्हणत नाही. तंबाखू, बिडी, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब हे आपल्याकडचे कितीतरी मोठे गुन्हेगार आहेत. मुद्दा वेगळा आहे. या आजाराविरुद्ध देशादेशांनी मिळून काम करावं, माहिती, उपचार आणि पद्धती वाटून घ्याव्यात, असा प्रयत्न पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. त्यात आपण काय करायचं, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हे गोऱ्यांचं दुखणं आहे, आम्हाला आधी टँकर आणि डॉक्टर द्या. दुसरा म्हणतो, जगात नवी इंजेक्शनं आली, जनुकतपासणी आली, ती जशीच्या तशी इकडं आणा. दोघांचाही समज एकच आहे: सहकार्य म्हणजे परदेशातून येणारा माल. पहिल्याला तो नको असतो, दुसऱ्याला हवा असतो. माझं म्हणणं असं की हा आजार एकट्या देशाच्या बळावर आटोक्यात येणारा नाही, मराठवाड्याने या कामात शिरलंच पाहिजे, पण शिरताना आपल्या अटी घालून आणि आपल्याकडचं काही देऊन शिरलं पाहिजे. आणि त्या कामातली पहिली वस्तू इंजेक्शन नाही. ती आहे नातेवाइकांची यादी.

पहिल्या आवाजाची बाजू आधी घेतो, कारण ती खरोखर वजनदार आहे. ज्या भागात उन्हाळ्यात गावंच्या गावं टँकरवर जगतात, जिथं कर्जापायी शेतकरी जीव देतात, जिथं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी मशीन असलं तर ते चालवणारा नसतो, तिथं ३११मधल्या एकाच्या आजाराची चर्चा करणं हा पोटभरल्यांचा उद्योग वाटू शकतो. पैसा मोजका असतो आणि एका आजाराला दिलेला रुपया दुसऱ्याकडून काढून घेतलेला असतो. याला उत्तर भावनेने देता येत नाही, हिशेबाने द्यावं लागतं. हिशेब असा आहे की पैसा आजही खर्च होतोच आहे, फक्त उशिरा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, बायपास बसतो. म्हणजे चाळिशीत कोसळलेल्या माणसाची रक्तवाहिनी उघडायला सरकारचा हात सैल आहे. पण त्याच माणसाच्या बारा वर्षांच्या मुलाची रक्ततपासणी कुणाच्याच कामात बसत नाही. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या घरोघरच्या तपासणीत तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग पाहिले जातात. कोलेस्टेरॉल त्यात नाही, आणि तिशीआतले तर नाहीतच. दुसरीकडे अॅटॉर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी दुकानात ती कुणाही मजुराला परवडेल अशा भावात मिळते. जगातल्या फार थोड्या जन्मजात आजारांवर इतकं स्वस्त आणि इतकं तपासून घेतलेलं औषध उपलब्ध आहे.

आणि प्राधान्याचाच प्रश्न असेल तर नारू आठवून पाहावा. पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरणाऱ्या गावांमध्ये पायातून हातभर लांब कृमी निघायचा आणि ऐन पेरणीत माणूस महिनोन् महिने आडवा व्हायचा. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. १९८०च्या दशकात भारताने नारू निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सोबत होते. त्या वेळी कुणी म्हणू शकलं असतं, आधी नळ द्या, मग नारूचं बघू. नळ आजही सगळीकडे पोचलेले नाहीत. तरी फडक्याने पाणी गाळायला शिकवून, बारवांच्या जागी हातपंप बसवून, गावागावांतून रोगी शोधून १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. दुष्काळ संपायची वाट पाहिली असती तर? एका दुःखाकडे पाहायचं म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागते, हा युक्तिवाद ज्यांच्या तोंडी असतो त्यांना बहुधा दोन्हींपैकी काहीच सोसावं लागलेलं नसतं.

दुसरा आक्षेप अविश्वासाचा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मजबूत आहे. परदेशी लोक आपलं रक्त नेतील, त्यातून औषध बनवतील आणि आपल्यालाच लाखांच्या भावात विकतील. ही भीती हवेतली नाही. हळदीच्या जखम भरून काढणाऱ्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेला ते भांडून १९९७ साली रद्द करून घ्यावं लागलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पात खम्मम आणि वडोदऱ्याच्या मुलींची संमती ज्या रीतीने घेतली गेली त्यावर देशभर टीका झाली, २०१० साली प्रकल्प थांबला आणि संसदीय समितीनेही त्यावर कडक ताशेरे ओढले. एफएचच्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवह्यांनाही औषध कंपन्यांच्या देणग्या मिळतात, हे लपवण्यात अर्थ नाही. जी कंपनी महागडं इंजेक्शन विकते, तिला जास्तीत जास्त रुग्ण सापडावेत असं वाटणारच. तेव्हा संशय घेणारा माणूस मूर्ख नाही.

पण संशयातून निष्कर्ष काय काढायचा? दार लावून घ्यायचं, की दारात उभं राहून सौदा करायचा? दार लावून घेतलं म्हणजे आपली माहिती आपल्याकडे राहते, हा भ्रम आहे. गुजराती वंशाच्या कुटुंबांत सापडणारा एफएचचा एक जनुकीय बदल लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी तिथल्या स्थलांतरितांमध्ये नोंदवला. आपली माणसं जगभर आहेत, त्यांचं रक्त तिथल्या प्रयोगशाळांत तपासलं जातंच आहे, फक्त त्या ज्ञानाच्या मांडणीत आपण नाही. आता हेच पाहा, भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो हे वाक्य प्रत्येक वक्ता टाळ्या घेऊन म्हणतो. ते आपल्याला कळलं कुठून? ५२ देशांनी मिळून केलेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं आणि इतरत्र ते जवळपास ५९ होतं. भारतीय डॉक्टर त्या अभ्यासात होते. तुलना करायला समोर दुसरा नसेल तर आपलं लवकर आहे की उशिरा, हे ठरणार कसं?

सौदा करता येतो, याचाही पुरावा आपल्याच घरात आहे. २००१ साली एचआयव्हीवरची औषधं पाश्चात्त्य कंपन्या रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरांच्या आसपास विकत होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला साडेतीनशे डॉलरांत देऊ केली. आफ्रिकेतली लक्षावधी माणसं पुढे भारतीय गोळ्यांवर जगली. ते घडलं कारण १९७०च्या पेटंट कायद्याने आपण आपली अट आधीच घालून ठेवली होती. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतून आजही औषधं परदेशी जातात. स्वस्त गोळ्या बनवून जगाला पुरवणारा देश आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या टेबलावर हात पसरून का बसेल? जनुकीय माहितीबद्दलही तेच. जीनोम इंडिया प्रकल्पातली दहा हजार भारतीयांची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. एफएचची नोंदवही अशीच इथं ठेवता येते. बाहेरच्या संशोधकाने प्रश्न पाठवावा, उत्तर इथून जावं, माणसाचं नाव-गाव जाऊ नये. परदेशी संस्थेबरोबरच्या संशोधनाला केंद्राच्या छाननीतून जावं लागतंच. ती छाननी कडक करा, तिच्यात रुग्णांच्या कुटुंबातलं कुणीतरी बसवा. पण छाननी म्हणजे नकार नाही.

या आजाराचा इतिहास वाचला तर एकटेपणाची कल्पनाच हास्यास्पद वाटते. १९३०च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेतल्या कार्ल म्युलर यांनी दाखवलं की वाढलेलं कोलेस्टेरॉल, त्वचेवरच्या पिवळ्या गाठी आणि हृदयविकार काही घराण्यांत एकत्र चालत येतात. १९६४ साली बैरूतच्या आवेदिस खाचादुरियन यांनी लेबनॉनमधल्या कुटुंबांवरून स्पष्ट केलं की एकाच पालकाकडून दोष आला तर आजार मध्यम असतो आणि दोघांकडून आला तर भयानक. त्यांना हे दिसलं, कारण तिथं जवळच्या नात्यात लग्नं होत होती. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशाच रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून एलडीएल पकडणारा रिसेप्टर शोधला आणि १९८५चं नोबेल मिळवलं. त्याच काळात टोकियोत अकिरा एंडो हजारो बुरश्या तपासत होते. क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारं द्रव्य मिळालं. सगळ्या स्टॅटिन गोळ्यांचा तो मूळपुरुष. ते द्रव्य एंडोंनी डॅलसलाही दिलं, आणि १९७८ साली ओसाकाच्या अकिरा यामामोतोंनी ते प्रथम एका अठरा वर्षांच्या मुलीला दिलं. तिला एफएचच होता. पुढे २००३ साली पॅरिस आणि माँट्रियलच्या संशोधकांनी फ्रेंच कुटुंबांतून पीसीएसके९ हे एफएचशी जोडलेलं आणखी एक जनुक पुढे आणलं, त्यावरची इंजेक्शनं २०१५ साली बाजारात आली. आज परभणीतला म्हातारा रोज रात्री जी गोळी घेतो तिच्यामागे नॉर्वेची घराणी आहेत, लेबनॉनची लग्नं आहेत आणि जपानचा बुरसटलेला तांदूळ आहे. यात स्वदेशी काय आणि परदेशी काय? आपण या साखळीत आहोतच, फक्त गिऱ्हाईक म्हणून. प्रश्न भूमिका बदलण्याचा आहे.

आता इंजेक्शनवाल्यांकडे वळतो, कारण त्यांचाही वाद तितकाच कच्चा आहे. त्यांना वाटतं, प्रगत देशांनी एफएच जिंकला तो महागड्या औषधांनी आणि जनुकतपासणीने. नेदरलँड्सने १९९४पासून वीस वर्षं जो कार्यक्रम चालवला त्याचा गाभा पाहा. एक रुग्ण सापडला की प्रशिक्षित परिचारिका त्याच्या घरी जायची, भावंडं, मुलं, काका-मावशी यांची यादी करायची आणि प्रत्येकाच्या दारात रक्त घ्यायला पोचायची. जनुकतपासणी होती, पण तिच्यामागे दारोदार चालणारे पाय होते. अशा रीतीने अठ्ठावीस हजारांवर माणसं सापडली. २०१४ नंतर सरकारी पैसा आटला आणि नव्याने सापडणाऱ्यांची संख्याही घसरली. श्रीमंत देशालाही या कामात सातत्य टिकवता आलं नाही, हे इथं मुद्दाम नोंदवतो, म्हणजे त्यांची पूजा करायची सवय जरा कमी होईल. स्लोव्हेनियाने १९९५पासून वेगळी वाट धरली: पाच वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत कोलेस्टेरॉल जोडलं. नवी यंत्रणा नाही, आहे त्या तपासणीत एक चाचणी. हा देश लोकसंख्येने मराठवाड्याच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढाही नाही. सहकार्यातून आणायचं ते हे. हे आणायला पेटंट आड येत नाही, आणि विमानाने कुरिअर मागवावं लागत नाही.

शिवाय नात्यांचा माग काढण्याच्या कामात नेदरलँड्सनेच आपल्याकडे शिकायला यावं. भावकी आणि सोयरीक यांची जेवढी माहिती आपल्या खेड्यातल्या कुठल्याही आजीला असते, तेवढी युरोपातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात नसेल. कोण कुणाचा साडू, कुणाची चुलतबहीण कुठल्या गावी दिली, हे ती न अडखळता सांगते. कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर फिरतातच, क्षयरोग्याच्या घरच्यांची तपासणी होतेच. घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयात पन्नाशीच्या आतला अटॅकचा रुग्ण दाखल झाला, त्याचं एलडीएल १९०च्या वर निघालं, की त्याच्या पहिल्या नात्यातल्या माणसांची यादी त्या-त्या गावच्या आशाताईकडे जावी आणि माग काढण्याच्या प्रत्येक कुटुंबामागे तिला मोबदला मिळावा. मोबदल्याशिवाय हे काम तिच्यावर लादायचं असेल तर मी या योजनेच्या विरोधात आहे. तिच्या डोक्यावर आधीच पुरेशी रजिस्टरं आहेत. लेकरांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आहे. २०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. सरसकट सगळ्या मुलांचं रक्त काढणं आज झेपणार नाही हे मान्य. पण ज्या घरात तरुण वयात कुणी अटॅकने गेलंय, एवढा एक प्रश्न विचारून निवडलेल्या मुलांचं तरी?

लहानपणीच गोळी सुरू करण्याबद्दल आई-बापांची भीती समजू शकतो. आयुष्यभर औषध म्हटलं की कुणाचाही जीव धास्तावतो. याचं उत्तरही बाहेरच्या अनुभवातच आहे, कारण आपल्याकडे अजून तेवढी वर्षं झालेलीच नाहीत. नेदरलँड्समध्ये एफएच असलेल्या दोनशेहून अधिक मुलांना लहानपणी स्टॅटिन देऊन वीस वर्षं पाहिलं गेलं. एकोणचाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातल्या एका टक्क्याला हृदयविकाराचा प्रसंग आला. त्यांच्याच आई-बापांपैकी, ज्यांना हाच दोष होता पण लहानपणी औषध मिळालं नव्हतं, त्या वयापर्यंत २६ टक्क्यांना आला होता. एकच घर, एकच दोष. आणि इथं तुपाच्या गोष्टीही थांबाव्यात. ‘आमच्या आज्यानं वाटीवाटी तूप खाल्लं अन् नव्वद वर्षं जगला’ हे खरंच असेल. त्या आज्याकडे हा दोष नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याकडे आहे त्याने तूप सोडलं तरी कोलेस्टेरॉल थोडंच उतरतं. करडईचं तेल चांगलं असेल, मीही तेच खातो, पण ते जनुक बदलत नाही.

सीमा ओलांडण्याची गरज आणखी एका कारणाने आहे, आणि त्याची चर्चा मी कुठेच ऐकत नाही: आपली कुटुंबंच सीमा ओलांडून गेली आहेत. वसमतच्या घरातला एक भाऊ पुण्यात आयटीत, एक न्यू जर्सीत. नांदेडच्या मुस्लिम घरातला थोरला मुलगा सौदीत, मामेभाऊ हैदराबादेत. न्यू जर्सीतल्या भावाला तिथल्या डॉक्टरने एफएच आहे असं सांगितलं, तर तिथलीही पद्धत हीच की नातेवाइकांना कळवा. पण कळवायचं कुणाला, कुठल्या दवाखान्याला, कुठल्या भाषेत? तो व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकतो, ‘सगळ्यांनी कोलेस्टेरॉल तपासा’, आणि ती ओळ सुप्रभातच्या फुलांखाली दबून जाते. मराठीतलं एक साधं पत्र, जे जगातल्या कुठल्याही लिपिड क्लिनिकने आपल्या मराठी रुग्णाच्या हातात द्यावं आणि ज्यावर इकडच्या आरोग्य केंद्राने कृती करावी, एवढंही आज नाही. त्यापेक्षा कठीण प्रकार ऊसतोड कामगारांचा. बीडचं जोडपं सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतं. राज्याची सीमा ओलांडली की त्यांचा कागद तिथं चालत नाही. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या गप्पा मारताना आंतरराज्य सहकार्यही जमत नाही, हा टोमणा मला कुणी मारला तर मी तो मुकाट्याने घेईन.

आणि मग ती थोडी मुलं, ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला. जगात तीन लाखांत साधारण एक, म्हणजे मराठवाड्यात भागाकाराने साठेक. पण हा भागाकार इथं कमी पडण्याची शक्यता आहे, कारण मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची आपली रीत जुनी आहे आणि कर्नाटक-तेलंगणाकडच्या पट्ट्यात मामा-भाचीचीही लग्नं होतात. या मुलांचं एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढे असतं. कोपरावर, गुडघ्यावर पिवळट गाठी येतात, आई-बाप त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात, गाठी चामखीळ म्हणून काढल्या जातात आणि पुन्हा येतात. साध्या गोळ्या त्यांना अपुऱ्या पडतात. ३८ देशांतल्या ७५१ अशा रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात श्रीमंत देशांतल्या रुग्णांना पहिला मोठा हृदयविकाराचा प्रसंग किंवा मृत्यू, मध्यक धरला तर, ३७व्या वर्षी आला, इतर देशांत साडेचोविसाव्या वर्षी. साडेबारा वर्षांचा हा फरक जनुकाचा नाही. हाच दोष घेऊन तिकडे जन्मलेलं मूल संसार मांडतं आणि इकडचं मूल कॉलेजच्या वयात जातं. या मुलांसाठी मात्र मला इंजेक्शनं हवी आहेत, सगळी हवी आहेत, आणि तीही कंपन्यांच्या दयेवर नकोत. एकेकट्या आई-बापांनी क्राउड फंडिंगची लिंक फिरवण्यापेक्षा अनेक देशांनी मिळून भाव ठरवून खरेदी करावी. गरीब देशांची मागणी एकत्र आली तर भाव उतरतात, हे एचआयव्हीच्या वेळी दिसलंच आहे.

आंतरराष्ट्रीय बैठकांबद्दल माझ्या मनात भाबडेपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली एफएचवर अहवाल काढला, त्यात शिफारशी होत्या. २०२०मध्ये जगभरच्या तज्ज्ञांना त्याच धाटणीचं आवाहन पुन्हा करावं लागलं, यातच काय ते आलं. ५६ देशांतल्या ४२ हजार प्रौढ रुग्णांच्या नोंदवहीत अठरा वर्षांच्या आत निदान झालेले दोन टक्के निघाले. म्हणजे मागे आपण एकटेच नाही, सगळं जगच मागे आहे. सामील व्हायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

उरतो तो आक्षेप जो लिखित स्वरूपात येत नाही, पण प्रत्येक घरात असतो. पोरीला असला आजार आहे हे कळलं तर सोयरीक कोण करणार? सिकलसेलच्या तपासणीबाबत विदर्भात हीच भीती होती आणि आजही पुरती गेलेली नाही. तिला हसून चालणार नाही, आणि फक्त जनजागृती म्हणून सोडूनही चालणार नाही. जनुकीय दोषावरून विमा नाकारणं चूक आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटलं, पण अशा भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो हवा. यादी आशाताईकडे गेली तरी निकाल फक्त त्या माणसाच्याच हातात पडला पाहिजे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाही. आणि सोयरीक जुळवणाऱ्यांना एवढंच सांगायला हवं की दोष असलेल्या मुलीने रोज एक गोळी घेतली तर ती चारचौघींसारखी जगते, फक्त मूल होऊ द्यायचं ठरवण्याआधी तिने डॉक्टरला विचारून गोळी थांबवायची असते. धोका आहे तो दोन्हीकडे दोष असताना नात्यातच लग्न लावण्यात. तेही टाळायचं की नाही, हे कळण्यासाठी आधी दोघांच्या घरचे आकडे माहीत असायला हवेत.

तेव्हा सुरुवात लहान असावी: घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि विष्णुपुरी ही चार सरकारी महाविद्यालयं, तिथं येणारे पन्नाशीच्या आतले अटॅकचे रुग्ण, त्यांची मुलं-भावंडं, एक मराठी पत्र आणि फरिदाबादेत ठेवलेली नोंदवही, जिच्यात बाहेरच्यांना आपल्या अटींवर डोकावता येईल. ऊसतोडीची कुटुंबं दसऱ्यानंतर गाव सोडतात. त्यांच्या लेकरांचं रक्त त्याआधी घ्यावं लागेल.